पाकट ‘चावतं’ की ‘काटा मारतं’? आणि ऑक्टोपस?

प्रश्न असा आलाय की स्टिंग रे (म्हणजे पाकट) आणि ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस दोघांनाही ‘दंश करतो’ असंच लिहिलेलं दिसतं, पण एक शेपटीने मारतो आणि दुसरा तोंडाने, मग एकच शब्द कसा काय चालतो?

चालतो, कारण मराठीने तो आधीच सैल केलाय. संस्कृतात ‘दंश्’ म्हणजे चावणे, दंष्ट्रा म्हणजे सुळा त्याच घरातला आणि आपला डास पण तिकडूनच आलाय. तरी विंचूदंश म्हणतोच ना आपण, आणि विंचू तर नांगी मारतो! बोलताना तर सरळ ‘विंचू चावला’, ‘मधमाशी चावली’. मुंबईत गणपती विसर्जनाच्या वेळी महापालिका सूचना देते त्यातही स्टिंग रेसाठी ‘मत्स्यदंश’ असतं. चूक नाही ते.

पण माझं मत विचाराल तर या दोघांच्या बाबतीत शब्द वेगळे ठेवा. स्टिंग रे म्हणजे आपलं पाकट, वाळूत अंग पुरून पडलेलं असतं, पाय पडला की शेपटी उसळते आणि करवतीसारखे दाते असलेला काटा घुसतो, वेदना भयंकर. तोंड तर पोटाच्या बाजूला असतं, चावायचा संबंधच नाही. म्हणून ‘पाकटाने काटा मारला’ हेच नेमकं. मगरींच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे प्रसिद्ध झालेला स्टीव्ह अर्विन २००६ साली ऑस्ट्रेलियात गेला तो असाच काटा छातीत लागून.

ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस मात्र खरोखर चावतो. एवढासा जीव, तळहातावर मावेल, पण आठ पायांच्या मधोमध पोपटासारखी चोच असते आणि लाळेत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं जहाल विष. चावलेलं कधीकधी कळतही नाही, मग थोड्याच वेळात श्वासाचे स्नायू बंद पडायला लागतात, उतारा नाही, माणसाला कृत्रिम श्वास देत राहणं एवढंच हातात. पाकटाच्या जखमेला सोसेल इतकं गरम पाणी लावतात कारण त्या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात, टेट्रोडोटॉक्सिनवर गरम पाण्याचा काही उपयोग नाही. म्हणजे ‘समुद्रात काहीतरी चावलं’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरला काय कळणार?

आणि एक, ऑक्टोपसला ‘मत्स्यदंश’ लावू नका, तो मासाच नाही, शिंपल्या-गोगलगायींचा नातेवाईक आहे. ‘ऑक्टोपसचा चावा’ लिहा, अगदी साधं आणि बरोबर.