टाळूच्या ऑपरेशनआधी कानांची तपासणी का?

तुमची मुलगी ११ महिन्यांची आहे, टाळू दुभंगलेली आहे, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. कान कधी दुखला नाही की वाहिला नाही, हाकेला वळते. तरी डॉक्टर कानाच्या तपासण्या सांगताहेत आणि ग्रोमेटबद्दल, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायच्या बारीक नळीबद्दल, बोलताहेत. एवढं करायची गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय.

तपासणीची गरज नक्कीच आहे. ग्रोमेटचं तिच्या रिपोर्टवर ठरेल.

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत जाणारी युस्टेशियन नळी एरवी मिटलेली असते. गिळताना टाळूचा एक स्नायू तिला ओढून उघडतो आणि कानात हवा जाते. टाळूला फट असली की दोन्ही बाजूंचे हे स्नायू मधोमध जुळलेले नसतात, त्यामुळे ओढ नीट बसत नाही. आतली हवा शोषली जाते, पडद्यामागे पाणी साठतं आणि हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. ना ताप, ना दुखणं. टाळू दुभंगलेल्या तान्ह्या बाळांमध्ये हे जवळपास सगळ्यांनाच होतं. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर हा त्रास एवढा नसतो.

हाकेला वळण्यावर विसंबू नका. या पाण्यामुळे साधारण २० ते ४० डेसिबलने कमी ऐकू येतं. जवळून मारलेली हाक आणि कुकरची शिट्टी ऐकू येतेच. निसटतात ते स, फ, थ असे हलके आवाज आणि पलीकडच्या खोलीतलं बोलणं. सर्दीत जास्त, एरवी कमी. पुढे बोलणं अस्पष्ट आलं की सगळा दोष टाळूला दिला जातो आणि कान बघायचे राहून जातात.

तपासण्या दोन. टिंपॅनोमेट्रीत कानातला हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते बघतात. त्यात आलेख सपाट आला आणि कानाच्या पोकळीचं माप नेहमीएवढं असेल, तर बहुधा आत पाणी आहे. माप मोठं आलं तर पडद्याला भोक असू शकतं. दुसरी बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी, बाळ झोपलेलं असताना. ही हवेतून (कानात आवाज देऊन) आणि हाडातून (कानामागच्या हाडाला कंपन देऊन), दोन्ही प्रकारे करा असं आवर्जून सांगा. पाण्यामुळे आलेली घट आणि आतल्या कानाचा दोष वेगळा कळतो तो त्यातूनच. नुसत्या ओएईवर, म्हणजे आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज टिपणाऱ्या तपासणीवर, थांबू नका. पाणी असलं की ती ‘फेल’ येते आणि कारण सांगत नाही.

दोन्ही कानांत पाणी आणि ऐकण्यात ठळक घट असेल, तर टाळूच्या भुलीतच ग्रोमेट टाकून घेणं मला सोयीचं वाटतं: वेगळी भूल वाचते आणि काम काही मिनिटांचं असतं. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी ओढून घेतात आणि नळी बसवतात. ती साधारण ६ ते १२ महिन्यांत आपोआप बाहेर पडते. ऐकू बरं येत असेल तर थांबून लक्ष ठेवणंही योग्यच. ग्रोमेट पुन्हापुन्हा टाकल्याने पडद्यावर व्रण किंवा कायमचं भोक राहू शकतं, म्हणून काही मुलांना श्रवणयंत्र जास्त बरं पडतं.

ग्रोमेट असताना डोक्यावरून अंघोळ घालताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात बाहेरच्या बाहेर ठेवा. साबणाचं पाणी त्या नळीतून सहज आत जातं. कान वाहिला तर डॉक्टरांनी दिलेले थेंबच घाला. घरात पडून असलेले जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब नकोत, ते आतल्या कानाला घातक ठरू शकतात. आजीने कितीही आग्रह केला तरी तेल घालायचं नाही.

टाळू शिवली म्हणजे कान लगेच सुधारले असं होत नाही. नळीला नीट काम करायला कित्येकदा काही वर्षं लागतात. तोवर दर ३ ते ६ महिन्यांनी कान दाखवा आणि बोलण्याच्या थेरपिस्टला कानाचे रिपोर्ट द्या. कधीही घाण वासाचा स्राव येऊ लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पडदा आत ओढला जाऊन हाड पोखरणारा कोलेस्टिॲटोमा झालेला असू शकतो.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेली टाळू आणि श्रवणदोष दोन्ही येतात. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) चौकशी करा.