पाहुण्यांना पक्षी कुठे दाखवावेत?

प्रश्न : परतवाड्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आमची संत्र्याची बाग असून तेथे आम्ही पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली आहे. बागेच्या मागून नाला वाहतो, पुढे कापूस-तुरीची वावरे, त्यापलीकडे पडीत माळ आणि मग सागाचे जंगल लागते. पाहुणे पक्षी पाहायच्या हौसेने येतात, जिप्सीतून मेळघाटात फिरतात आणि बहुधा निराश होऊन परततात. आमच्याच परिसरात त्यांना पक्षी दाखवता येतील का?
– एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : अवश्य दाखवता येतील. बाग, नाला, वावर, माळ आणि जंगल या पाचही ठिकाणचे पक्षी बरेचसे निरनिराळे असतात आणि ते दिसण्याच्या वेळाही निरनिराळ्या असतात. त्यामुळे धावत्या गाडीतून जे निसटते, ते पायी आणि सावकाश, विशेषतः दोन अधिवास जेथे एकमेकांना भिडतात अशा कडेला थांबून पाहिल्यास दिसते. अनेक पक्षी आडोशाला एका बाजूला राहतात आणि चरायला दुसऱ्या बाजूला येतात, म्हणून या कडा महत्त्वाच्या.

सकाळची सुरुवात नाल्यावरच्या उंबरापासून किंवा वडापासून करावी. थंडीच्या दिवसांत सूर्य उगवताना हरियालांचा, म्हणजे हिरव्या रानकबुतरांचा, थवा एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो आणि त्या तिरप्या उजेडात त्यांचे पिवळे पाय दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. उन्हे वर आली की तोच थवा फळांनी लदलेल्या उंबरात शिरतो आणि डोक्यावर असूनही दिसेनासा होतो. हरियाल हाच आपला राज्यपक्षी; तो दाखवायचा असेल, तर पाहुण्यांना अंधारातच उठवावे लागेल. बागेत शिंपी, दयाळ, सातभाई, बुलबुल हे दिवसभर भेटतातच, त्यांच्यासाठी वेगळा फेरफटका नको.

नाल्यावर मात्र एका जागी बसून राहावे. पिवळ्या पोटाचा, सतत शेपटी हलवणारा करडा धोबी हिवाळ्यात हिमालयाकडून येतो, तर पांढऱ्या भुवईचा धोबी बारमाही आपल्याकडेच असतो. हे दोन्ही पाण्यातल्या दगडांवर दिसू शकतात आणि नवख्या माणसाला पाहुणा व रहिवासी हा भेद समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण नाही.

जमीन तापू लागली की वावरात जावे. तुरीवर एकाच जागी पंख फडफडवत, पाय खाली सोडून कापशी ही छोटी घार स्थिरावते आणि उंदीर दिसताच खाली झेपावते. तारेवर नीलकंठ आणि खाटीक असतात. माळावर पीतमुखी टिटवी आणि चंडोल पाहावेत. हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी संध्याकाळी गवतात जमिनीवरच रात्रीचा मुक्काम करतात, म्हणून ते गवत पेटवू नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बोरी-बाभळीची झुडपेही राखावीत. पक्षी पाहण्यासाठी मनोरा बांधण्यावर खर्च करण्यापेक्षा एक झाडोऱ्याचा धुरा जपणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

जंगलाच्या कडेला पाहुणे हमखास रानपिंगळ्याची चौकशी करतील. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीचा नमुना मिळालेला नव्हता आणि ते नामशेष झाले असावे असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते सातपुड्यातच, शहाद्याजवळ, पुन्हा आढळले. मेळघाट हे आज त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. गावाजवळच्या झाडाच्या ढोलीतून डोकावणारा साधा पिंगळा पाहून अनेकांची फसगत होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि तो दिवसाढवळ्या सागाच्या उघड्या फांदीवर बसून सरडे-पाली टिपतो. तो दिसेलच असे आश्वासन पाहुण्यांना देऊ नका आणि त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू तर मुळीच देऊ नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला, या समजुतीने तो शिकार सोडून त्या आवाजाकडे धाव घेतो. विणीच्या दिवसांत तर असे वारंवार झाल्यास घरट्याकडे दुर्लक्ष होते. राखीव जंगलात पायी शिरण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते, म्हणून आपली पायवाट कडेलाच संपवावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि सावर फुलल्यावर क्रम बदलावा. तेव्हा सकाळभर एखाद्या फुललेल्या सावरीखाली बसले तरी मैना, भोरड्या, कोतवाल, शिंजीर असा मोठा मेळा पाहायला मिळतो.

पावसाळ्यात पाहुणे कमी येत असतील, पण तोच काळ मला अधिक मोलाचा वाटतो. मृगाच्या आगेमागे चातक येतो, पावशाचे ‘पेरते व्हा’ वावरावावरांतून ऐकू येते आणि ओढ्याकाठच्या दाट सावलीत नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे व तिन्हीसांजेला घुमते. नवरंग जमिनीवरचा पाचोळा उलथून किडे शोधतो, तेव्हा नजर झाडांवर न ठेवता खाली ठेवावी, हे पाहुण्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.