उड्डाण करताच लहान विमानाच्या इंजिनची ताकद गेली, तर मागे वळून धावपट्टीवर यावं का? भाचीला पायलट व्हायचंय, पाठवावं का?

वळायचं नाही. समोर जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचं. भाचीचं नंतर बोलू.

मी सोलापूरचाच. आता चादरींचा धंदा बघतो, पण तरुणपणी विमान शिकत होतो. सेस्ना 152, दोन सीटचं. कुठे शिकत होतो ते राहू द्या. टेकऑफनंतर चारेकशे फुटांवर इंजिन थडथडायला लागलं. बंद पडलं नाही हं, आणि तीच खरी गोम. पूर्ण बंद पडलं तर माणूस गपचूप खाली जागा शोधतो, अर्धवट चालू असलं की वाटतं, जाईल ओढून नेत. चारातल्या एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकला होता, पण ते नंतर कळलं. माझी मान मागे वळलेली बघून शिक्षक ओरडले, "पुढं बघ!"

त्यांनी नाक खाली दाबलं, वेग 60 नॉटवर, म्हणजे ताशी 110 किलोमीटरच्या आसपास धरला. समोर ज्वारी काढलेलं रान होतं. मिक्स्चरचा दट्ट्या ओढून इंजिनाचं पेट्रोल तोडलं, पेट्रोलचा कॉक बंद, विजेचा मास्टर स्विच बंद. दाराची कडी टेकायच्या आधीच उघडायला लावली, कारण सांगाडा वाकला की दार अडकतं. विमान नांगराच्या तासांच्या दिशेनेच टेकवलं. तरी पुढचं चाक काळ्या रानातल्या भेगेत गेलं आणि मोडलं, पंख्याची पाती वाकली. आम्हाला खरचटलं फक्त. रानमालक धावत आला, "लागलं का ओ कुठं?" नाही म्हटल्यावर लगेच, "मग भरपाई कोण देणार?"

आमचे मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं तेव्हापासून एकच, "काय बे, धावपट्टी मागं असताना रानात कशाला घातलं? तुझा मास्तरच कच्चा." जून 2025 मध्ये सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि हा विषय परत पंगतीत आला.

तर मामांसाठी हिशोब. 65 नॉटला 45 अंश कलून अर्धं वळण घेतलं, तर विमान धावपट्टीच्या रेषेपासून सव्वादोनशे मीटर बाजूला निघतं. म्हणजे पुन्हा वळा. त्या कलण्यात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, जवळपास 19 टक्क्यांनी वाढतो आणि उंची भराभर जाते. शिवाय टेकऑफ वाऱ्यावर तोंड करून केलेला, म्हणजे परतताना वारा पाठीमागून. चारशे फुटांत हे बसवून दाखवा. स्टॉल होऊन गरगरत आपटण्यापेक्षा ताब्यात असलेलं विमान रानात घालणं कधीही बरं. सेस्नाच्या पुस्तकातही सरळच उतरा, अडथळा चुकवण्यापुरतंच वळा, असंच आहे.

हां, पुरेशी उंची असेल आणि सराव असेल तर वळता येतं. 152 इंजिनाशिवाय हजार फुटांवरून अडीचेक किलोमीटर तरंगत जातं, दगडासारखं पडत नाही. समोर वस्ती किंवा तलाव असेल तर गणित वेगळं, हेही मान्य.

भाचीला पाठवा. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ मुलगी एकटीच असताना सेस्ना 152 शेतात कोसळलं, ती किरकोळ जखमांवर वाचली. फीचं विचारायच्या आधी एवढं विचारा, की टेकऑफनंतर इंजिन गेल्याचा सराव कोण घेतं आणि किती उंचीखाली वळायचं नाही असं शिकवतात. तिथल्या माणसाने "बघू त्या वेळी" म्हटलं तर दुसरीकडे बघा. आणि घरात एसटीवाले मामा असतील तर त्यांना सोबत नेऊ नका.