कॅमेरॉन घराण्याचे कागद : आधी खतावण्या वाचा, मग पत्रं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलच्या विद्यापीठाच्या विल्सन ग्रंथालयात तुम्ही कॅमेरॉन या मळेवाल्या घराण्याचे कागद बघायला सुरुवात केली आहे आणि विचारताय की गुलाम केलेली माणसं शोधायची तर पत्रं वाचू की मृत्युपत्रं आणि हिशेबाच्या वह्या. वह्या. पत्रं लिहिणारे बहुतेक मालक, त्यामुळे त्यांत माणसं येतात ती मालकाला काही अडचण झाली किंवा कुणी आजारी पडलं की. वहीत मात्र प्रत्येकाचं नाव यावंच लागे, कारण कायद्याने तो माणूस मालमत्ता होता आणि मालमत्तेची मोजदाद चुकवून चालत नसे. हे वाचवत नाही, पण नावं उरली ती याच कारणाने.

आधी घराणं समजून घ्या. स्टॅगव्हिल हा मळा रिचर्ड बेनेहनचा. त्याच्या मुलीशी 1803 मध्ये लग्न करणारा डंकन कॅमेरॉन वकील, न्यायाधीश आणि पुढे बँकेचा अध्यक्ष. त्याचा मुलगा पॉल. 1860 पर्यंत यांच्याकडे सुमारे 30,000 एकर जमीन आणि जवळपास 900 गुलाम माणसं होती. जमीन, कर्ज आणि कोर्ट हे सगळं एकाच घरात, म्हणून कागदही इतके.

कपडे, घोंगड्या आणि जोडे वाटल्याच्या याद्या अजिबात सोडू नका. वरवर कंटाळवाण्या दिसतात, पण नावं बहुधा घराघराने येतात. आईची गुलामी मुलाला लागे, म्हणून जन्माच्या नोंदीही आईच्या नावाने. वर्षामागून वर्ष याद्या शेजारी ठेवल्या की कोण कुणाचं मूल, कुणाचं नाव आजीवरून ठेवलंय, कोण अचानक गायब झालं, हे दिसू लागतं. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने असल्याच नोंदींवरून स्टॅगव्हिलची कुटुंबं जुळवली. वस्तुसंग्रहालयातल्या कुठल्याही फलकापेक्षा या याद्यांत जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

नाव गायब झालं म्हणजे मृत्यू, असं लगेच समजू नका. 1844 मध्ये पॉलने 114 जणांना अलाबामातल्या नव्या मळ्यावर पाठवलं. त्या सुमाराच्या याद्या आणि अलाबामाच्या याद्या एकत्र वाचल्याशिवाय कुठली घरं तुटली ते कळत नाही.

मग वारसाचे कागद. पॉलचा अविवाहित मामा थॉमस बेनेहन 1847 मध्ये वारला. मृत्युपत्राने त्याने व्हर्जिल नावाच्या गुलाम माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला मुक्त केलं, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या 1830 च्या कायद्याप्रमाणे मुक्त झालेल्याला राज्य सोडावं लागे. ते 1848 मध्ये लायबेरियाला गेले. बाकीची माणसं वारसाहक्काने घराण्यातच राहिली. मृत्युपत्रातली एक उदार ओळ वाचून थांबू नका, त्याच कागदात उरलेल्यांचं काय झालं तेही वाचा. दक्षिणेत माणसं कर्जाला तारणही ठेवली जात, तेव्हा बक्षीसपत्रं आणि गहाणखतंही चाळा.

1850 आणि 1860 च्या जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्यांवर फार वेळ घालवू नका. तिथे मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, वर्ण. माणसाचं नाव जवळजवळ कधीच नाही. वहीतली वयं ताडून बघायला तेवढा उपयोग.

आणखी एक अडचण नव्या माणसाला हमखास येते. स्टॅगव्हिल आज ज्या डरहम काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, ती 1881 मध्ये झाली. त्याआधीचे स्टॅगव्हिलचे दस्त तिथे मिळणार नाहीत. ऑरेंज काउंटीचे बघा, म्हणजे तिचं मुख्य ठिकाण हिल्सबरो किंवा राज्याची राजधानी रॅली इथलं राज्य अभिलेखागार.

शेवटी 1865 नंतरचे, म्हणजे गुलामगिरी संपल्यावरचे, मजुरीचे आणि वाट्याच्या शेतीचे करार. 1866 च्या कायद्याने मुक्त झालेल्या जोडप्यांनी आपलं लग्न नोंदवलं, कधीपासून एकत्र राहतो त्यासकट. ज्या काउंटींच्या या वह्या टिकल्या आहेत तिथे ती तारीख घोंगड्यांच्या यादीशी लावून बघा. 1870 च्या जनगणनेत हीच माणसं नाव-आडनावानिशी येतात, पण आडनाव कॅमेरॉनच असेल असं धरू नका. पहिलं नाव, वय आणि मुलांचा क्रम यांवरून ओळख पटवा.