शेततळ्यातली बेडकाची पिल्लं का मरतात?

घनसावंगी तालुक्यातून एका शेतकऱ्यानं विचारलं आहे: "मृगाच्या पावसानं तळ्यात बेडकाची पिल्लं चिक्कार झाली. कपाशीवर फवारा मारला, दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस आला आणि निम्मी पिल्लं मेली. उरलेल्यांच्या शेपट्या वाकड्या. श्रावण लागला तरी पाय फुटेनात. पाणी बैलांना पाजू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सध्या पाजू नका, विहिरीचं पाजा. साध्या माती-पाणी तपासणीत सामू (pH) आणि क्षार कळतात, औषधाचा अंश कळत नाही. त्यामुळे "रिपोर्ट चांगला आलाय" एवढ्यावर विसंबू नका.

आता पिल्लांबद्दल. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसता चिकट गर असतो. पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेतं आणि त्याची कातडीही पातळ, त्यामुळे पाण्यात जे उतरतं ते थेट अंगात जातं. कोणतं औषध मारलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकांच्या जातीतलं असेल, तर ते मज्जातंतूंवर घाला घालतं. पिल्लं गरगर फिरतात, वाकडी होतात, मरतात.

पाय न फुटण्याचं कारण वेगळं असू शकतं. पाय फुटून शेपटी आटणं हे थायरॉईडच्या संप्रेरकावर (हार्मोनवर) चालतं. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञानं पिल्लांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वाढ व्हायच्या आधीच चिमुकले बेडूक झाली. पाण्यातली काही रसायनं हेच संप्रेरक अडवतात, मग पिल्लू पिल्लूच राहतं. तळं आटायच्या आत पाय आले नाहीत, तर त्याचा खेळ संपला. मात्र प्रत्येक व्यंग औषधाच्या माथी मारू नये. अमेरिकेत जादा पाय फुटलेले बेडूक सापडले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी गोगलगायीतून येणारा एक परजीवी कारण निघाला.

मका-उसातल्या अॅट्राझीन या तणनाशकाबद्दलही विचारणा आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ टायरोन हेज यांच्या २०१० च्या प्रयोगात लिटरला अडीच मायक्रोग्रॅम अॅट्राझीन असलेल्या पाण्यात वाढलेल्या नर बेडकांपैकी दहात एक मादी झाला. त्या निष्कर्षांवर वाद आहे, पण मात्रा बघा. दहा लाख लिटरच्या तळ्याला ती गाठायला अडीच ग्रॅम अॅट्राझीन पुरतं, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या पावडरीचा एक चमचा. फवारणीचा पंप तळ्याच्या काठावर धुतला तरी एवढं सहज जातं. आणि काठावर पंप धुणारे आपल्याकडे किती आहेत, ते मला सांगायला नको.

औसा भागातून प्रश्न आहे की शेवाळ मारायला मोरचूद टाकतो, चालेल ना? मला तरी पटत नाही. मोरचुदातलं तांबं मासे आणि पिल्लं दोघांच्याही कल्ल्यांना घातक आहे. गंमत अशी की शेवाळ खरवडून खाणारी ही पिल्लंच तुम्ही मारता. शेवाळ वाढतं ते शेतातून वाहून आलेल्या खतामुळे. युरियातून अमोनिया होतो, आणि आपलं पाणी आधीच अल्कधर्मी, त्यात उन्हात शेवाळामुळे सामू आणखी चढतो, तेव्हा हा अमोनिया जास्त विषारी ठरतो. शेवाळ जाळीनं ओढून काढा, ठिबकला सँड फिल्टर बसवा.

तळ्याच्या वरच्या बाजूला हरळीचा पट्टा ठेवा आणि शेतातलं पाणी तळ्याला टाळून जाईल असा चर काढा. पावसाचा अंदाज असेल तर फवारा थांबवा. पंपात पाणी बादलीनं ओता, तळ्यात नळी सोडून ओढू नका. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घाला, पंपाची धुवण त्याच पिकावर मारा. डब्यावरचा हिरवा त्रिकोण माणसाला कमी विषारी असं सांगतो, तळ्याबद्दल काही सांगत नाही.

तळ्याला प्लास्टिक असेल तर एका कोपऱ्यात जुनं पोतं बांधून पाण्यात सोडा, नाहीतर पाय फुटलेली पिल्लंही वर चढू न शकल्यानं बुडतात.

घनसावंगीच्या शेतकऱ्यानं डब्याच्या लेबलचा फोटो आणि फवारणीची तारीख पाठवावी. त्यानंतर पाण्यात नेमकं काय तपासायचं ते सांगता येईल.