आईचा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं का?
नको. तो सल्ला जुन्या, मोठा छेद घेऊन केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेच्या काळातला. धूसर दिसणं, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकणं, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं, यामुळे रोजची कामं अडू लागली की ऑपरेशन करून घ्यावं. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, जाहिराती काहीही म्हणोत! फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग फोडून काढतात आणि घडी घालता येणारी कृत्रिम लेन्स बसवतात. बहुधा टाके नसतात, त्याच दिवशी घरी. जास्त पिकू दिला तर भिंग कडक होऊन काम अवघड होतं, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. डोळा लाल होऊन दुखू लागला तर लगेच दाखवा. मधुमेह असेल तर आधी डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या.