गोळ्या किती दिवस लपवशील?

ताई,
मी २७ वर्षांची, भांडुपला राहते, अकाउंट्समध्ये नोकरी करते. चौदाव्या वर्षापासून मला फिट येतात. गोळ्या वेळेवर घेतल्या की वर्ष-वर्ष काही होत नाही. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला, रेटिनायटिस पिगमेंटोसा. अंधारात दिसत नाही, बाजूचंही कमी झालंय. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या संध्याकाळी मी मोजून उतरते. आता एक स्थळ आलंय, मुलगा मला आवडलाय. आई म्हणते, लग्नाआधी यातलं अवाक्षर काढायचं नाही. ते जमणार नसेल तर आतेभावाशी लग्न कर, त्याला सगळं माहीतच आहे. (आईबाबाही आते-मामे भावंडंच.) मागच्या गणपतीत गावी पाहुणे होते, म्हणून गोळ्या मी सॅनिटरी पॅडच्या पाकिटात लपवल्या. दोन रात्री घ्यायच्या राहिल्या आणि आरतीनंतर ओटीवरच फिट आली. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. रविवारी संध्याकाळी सातला आम्ही दोघं दादरला भेटतोय. सांगू की नको?

सांग.

उत्तर तुझ्याच पत्रात आहे, त्या पॅडच्या पाकिटात. चार दिवसांच्या पाहुण्यांपासून गोळ्या लपवताना दोन रात्री चुकल्या. सासरी एकाच कपाटात, सासूच्या नजरेखाली, किती वर्षं लपवशील? लपवलेली गोळी चुकते, चुकली की फिट येते, आणि येते ती नेमकी चार माणसांत. त्यात गणपतीचं जागरण. अपुरी झोपही फिटला पुरते. बाथरूमला आतून कडी न लावता आंघोळ करायची, हे तरी घरच्यांना न सांगता कसं जमवणार आहेस?

चपलेचं म्हणशील, तर फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. नाहीतर कांद्याला. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली तर १०८ ला फोन. हे त्या मुलाला शिकवावं लागणार आहे, म्हणूनही सांग.

आईवर रागावू नकोस. तिची भीती हवेतली नाही. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट हा लग्न रद्द करून घ्यायचा आधार होता. त्या वर्षी तो काढून टाकला. पण महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणूक केली, हा आधार आजही कायद्यात आहे. म्हणजे बघ, फिट येते म्हणून तुझं लग्न कोर्टात रद्द होणार नाही. आईचं ऐकून गप्प राहिलीस तर मात्र कुणी कोर्टात जाऊ शकेल.

आणि तो आतेभाऊ. तो लाख गुणी असेल, पण 'घरातलाच आहे' हीच इथली अडचण आहे. तुझे आईबाबा नात्यातले आणि दोघांनाही नीट दिसतं. म्हणजे बहुधा दोघांकडे एकेक सदोष जीन होता आणि तुझ्यात ते दोन्ही एकत्र आले. तसं असेल, तर ज्याच्यात तो जीन नाही अशा माणसापासून झालेली मुलं हा जीन पुढे नेतील, पण त्यांचे डोळे या आजारापासून सुटतील. आतेभावात मात्र तोच जीन असण्याची शक्यता परक्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. असला, तर प्रत्येक मुलामागे निम्मी जोखीम. हा माझा अंदाज झाला. रक्ताची जनुकीय तपासणी आणि समुपदेशन, दोन्ही करून घे, मग आईपुढे कागद ठेवता येईल. कुठला जीन आहे हे कळणं पुढेही कामाचं आहे: या आजारावर अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालेली जीन थेरपी फक्त आरपीई६५ या एका जीनच्या दोषासाठी आहे. पडद्यात स्टेम सेल टोचून बरं करतो, अशी जाहिरात कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर पैसे घालवू नकोस.

एक विचारायचं राहिलं. तुझ्या दोन डॉक्टरांच्या फाइली कधी एकमेकींना भेटल्यात का? फिटचे डॉक्टर डोळ्यांचं विचारत नाहीत, डोळ्यांचे फिटचं. व्हिगाबॅट्रिन नावाच्या फिटच्या गोळीने बाजूची नजर कायमची कमी होऊ शकते. तुझ्या डोळ्यांना ती नकोच. सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भाला धोका असतो, म्हणून लग्नाआधीच औषध बदलण्याचं आणि फॉलिक अ‍ॅसिडचं बोलून घे. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करायची नाही, अचानक बंद केली तर फिट आवरता आवरत नाही. शिवाय काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांत फिट आणि डोळे दोन्ही एकाच मुळातून येतात. तुझं तसं आहे की हा नुसता योगायोग, हेही विचार. खासगी परवडत नसेल तर परळला केईएमची न्यूरॉलॉजीची ओपीडी आहे; सकाळी लवकर जा, रांग मोठी असते.

पायऱ्या मोजायची तुझी युक्ती मला आवडली, पण गर्दीत कुणी धक्का दिला की मोजणी चुकते. वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, १९५२ पासूनची संस्था. पांढरी काठी घेऊन चालायचं शिकवणारी माणसं तिथे भेटतील. काठी म्हणजे 'आता संपलं' असं नसतं ग. नजरेचा घेर ४० अंशांच्या आत आला असेल, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती अल्पदृष्टी धरली जाते. मोजून घे.

आता रविवार. आधी त्याला एकट्याला सांग, मग घरचे. अपराध कबूल करायला आल्यासारखी सांगू नकोस. गोळ्यांची स्ट्रिप पर्समधून काढून टेबलावर ठेव आणि सांग: ही रोज रात्री घेते, एवढ्या वर्षांत इतक्यांदा फिट आली, शेवटची का आली. डोळ्यांचंही तसंच, आज काय दिसतं, काय दिसत नाही. त्याला उत्तरासाठी घाई करू नकोस. घरी जाऊन त्याने गूगल केलं तर करू दे, मीही केलं असतं.

फक्त सातची वेळ बदल. दुपारी चारला भेटा, खिडकीजवळचं टेबल बघून. तू सांगत असताना त्याचा चेहरा तुला नीट दिसायला हवा.